बिनपान्याची करवत

मनीषनगरच्या त्या गल्लीत रविंद्रने जाहीर करून टाकलं होतं, की यापुढे आपल्याला कोणाचाही पाना लागणार नाही. कोणाचाही म्हणजे समोरच्या दुर्गेशचा. दुर्गेशकडे लहानमोठे सगळे पाने होते आणि पाना मागायला गेलं की आधी प्रवचन ऐकावं लागे. "काहून गा, तू एक पाना विकत नाही घेऊ शकत?" हे त्यातलं ठरलेलं वाक्य.

घेऊ शकत होता. पण पाना घेतला असता तर दुर्गेशचं ऐकल्यासारखं झालं असतं. म्हणून रविंद्रने पाना लागतच नाही अशी मशीन घेतली. विजेवर चालणारी साखळीची करवत! बाजूला एक मोठी चकती. साखळी सैल झाली की चकती बोटांनी फिरवायची आणि वरचं बटण आवळायचं, बस. "लहान लेकरूही करेल," असं तो आठवडाभर जो भेटेल त्याला सांगत होता. बायकोला, प्रमोदिनीला, तर त्याने जेवताना पोळीवर चकती काढून समजावलं.

मग शनिवारी जोराचा वारा सुटला आणि रविंद्रच्या गुलमोहराची जाडजूड फांदी मोडून नेमकी दुर्गेशच्या फाटकावर आडवी झाली. दुर्गेशची गाडी आत अडकली. रविवारी सकाळी त्याला भाच्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सक्करदऱ्याला पोचायचं होतं.

"माणूस बोलावतो मी," दुर्गेश म्हणाला.

"माझं झाड, माझी मशीन," रविंद्र म्हणाला. "तू कपडे घालून तयार राहा."

प्रमोदिनीचं एकच म्हणणं होतं. नवीन वस्तू आहे, पूजा केल्याशिवाय चालू करायची नाही. रविंद्रची काहीच हरकत नव्हती. रविवारी सकाळी तो आंघोळ करून आला तेव्हा करवत देवासमोर ठेवलेली होती, अंगावर हळदीकुंकू, मुठीवर झेंडूचं फूल. त्याने हात जोडले आणि वाजतगाजत निघाल्यासारखा बाहेर पडला.

गल्ली जमली होतीच. रविंद्रने साखळी बोटाने ओढून पाहिली, चकती जराशी फिरवली आणि दोन्ही हात वर करून दाखवले. "पाना दिसून राहिला का कुठं?"

मशीन सुरू झाली. आवाज असा, की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. रविंद्रने करवत फांदीवर टेकवली. धूर निघाला. भरपूर निघाला. फांदी मात्र होती तिथेच होती, फक्त काळी पडली.

"सैल असेल," म्हणत त्याने चकती फिरवली. पुन्हा धूर. अजून फिरवली. आता साखळी इतकी आवळली की हलेचना. चकती उलटी फिरवली तर साखळी नाडी सुटल्या पायजम्यासारखी खाली आली.

"लाकूड कापून राहिला का भाजून राहिला गा?" दुर्गेशने विचारलं. तो लग्नघरच्या कपड्यात होता आणि घड्याळ बघत होता. मग तो आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाना होता. "घे. लाजू नको. आपलाच आहे."

रविंद्रने पान्याकडे पाहिलं. हा पाना हातात घेतला की आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. न घ्यावा तर दुर्गेशच्या भाच्याचं साक्षगंध आपल्या डोक्यावर. त्याचा हात अर्धा पुढे झालाही.

"अहो, थांबा," आपल्या फाटकातून प्रमोदिनी म्हणाली. "ती साखळी मी उलटी लावली आहे."

"काय?"

"नवीन वस्तूचं तोंड देवाकडे पाहिजे, म्हणून तसं ठेवलं. पाहते तर वरच्या सगळ्या दातांची धार देवाकडे! देवावर कोणी धार रोखते का? मग मी साखळी काढली अन् फिरवून बसवली. पूजा झाल्यावर सरळ करायचं राहूनच गेलं."

"पण तुले उघडता कसं आलं वं?"

"तुम्हीच तर सांगून राहिले आठ दिवसांपासून. पाना लागत नाही म्हणून."

प्रमोदिनीने आधी प्लग काढला, साखळी निवू दिली, बटण फिरवून झाकण उघडलं आणि फडक्यात धरून साखळी सरळ बसवली. चकती फिरवली, कणीक चाचपावी तशी साखळी दोन बोटांनी चाचपली आणि बटण आवळलं. "हं, चालवा."

करवत फांदीत अशी शिरली की काय सांगावं! भुसा उडाला, तुकडे पडले, फाटक मोकळं झालं. गॅलरीतून टाळ्या आल्या. दुर्गेशने पाना लग्नाच्या कोटाच्या खिशात कोंबला आणि गाडी काढली. रविंद्रला वाटलं, छाती फुगून शर्टाचं बटण तुटेल. पाना न घेता जिंकलो! दिवसभरात तो गल्लीतून उगाचच दोनदा भाजी आणायला गेला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात दुर्गेश उभा होता, चेहरा कधी नव्हे इतका नम्र. शेवटी आला, रविंद्रच्या मनात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा आपल्याकडे काही मागायला आला! त्याने प्रवचनासाठी घसा साफ केला.

"आमच्या शेवग्याची फांदी पाडायची होती गा," दुर्गेश म्हणाला.

"पाडू ना. त्यात काय आहे दुर्गेश, मशीन घेताना माणसानं..."

"हो, हो," दुर्गेश त्याच्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाला. "वहिनी आहे ना घरी? तूही ये पाहिजे तर. वायर धरायले कोणी लागतेच."