सव्वा तासाचं पुणं

एसटीत छत्तीस वर्षं कंट्रोलर राहिलेल्या माणसाला अंतर शिकवायला जाऊ नये! वडनेर भोलजीच्या गुलाबरावांना तर मुळीच नाही. चहाच्या टपरीवर त्यांनी जाहीरच करून टाकलं, "नागपूर ते पुणे, विमानानं सव्वा तास! मनात आलं तं त्याच दिवशी वापस, महादेवराव!"

शेजारच्या महादेवरावांचा चहा बशीतच निवला.

पुण्याला गुलाबरावांच्या लेकीच्या, सारिकाच्या मुलीचं नामकरण होतं, रविवारी पाच वाजता. "बाबा, बाळाचं नाव तुमच्याच मांडीवर ठेवायचं," असं तिनं बजावलं होतं. तेव्हापासून गुलाबराव हवेतच होते.

"पुणं मावळतीले, अन् तुम्ही उगवतीले नागपूरले काऊन जाता?" बेबीताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"तुले नाही समजत त्यातलं!"

"बरं बापा. मी शनिवारच्या ट्रॅव्हल्सनं चालली." आणि त्या खरंच गेल्या.

रविवारी पहाटे गावाजवळच्या नांदुऱ्याहून रेल्वे धरून गुलाबराव नागपुरात दहाला हजर. विमान दीडचं. साडेबाराला सामान तपासून आतसुद्धा! गेटपुढची रांग बघून त्यांना हसू आलं. सीट नंबर तिकिटावर लिहिलेला, खिडकीतून रुमाल टाकायचा नाही, मग हे लोक काऊन घाई करून राह्यले? दीडची गाडी दीडला हलते, हे कंट्रोलरला कोण सांगणार! त्यांनी खुर्चीवर मांडी घातली आणि डबा उघडला. भाकर, ठेचा, वर फोडलेला कांदा. आजूबाजूच्या चार खुर्च्या आपोआप रिकाम्या झाल्या.

तोंड पुसत ते एक वीसला गेटवर गेले.

"सर, गेट बंद झालं."

"अवो ताई, गाडी तं समोर उभी हाय!"

"किती वेळा तुमचं नाव पुकारलं, सर!"

पुकारलं होतं खरं. पण जन्मभर स्टँडवर स्वतःच पुकारत आलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकायची सवय कुठून असणार?

"डबल बेल झाली काय? नाही ना? मंग उघडा!" असं म्हणत त्यांनी खिशातून आपली जुनी शिट्टी काढली. स्टँडवर एसटी मागं घेताना वाजवायची तीच! काचेपाशी अशी फुंकली, की दोन लेकरं रडायला लागली आणि तीन जवान धावत आले. विमानानं मात्र कंट्रोलरचा मान राखला. शिट्टीबरहुकूम शिस्तीत मागं सरकलं, वळलं आणि गेलं!

मग काय, दुपारची पुण्याची रेल्वे.

पाचला सारिकाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर बाळ बेबीताईंच्या मांडीवर होतं. "बाबा, कुठवर आले?"

"आत्ता कुठं बडनेरा यायले हाय," गुलाबराव पुटपुटले.

सारिका म्हणाली, "बाबा, फोन मांडीवर ठेवा." त्यांनी ठेवला. तेवढ्यात नाव ठेवून झालं, आणि गुलाबराव टोपीनं डोळे पुसत बसले.

आठला गाडी पुन्हा त्याच नांदुऱ्याला थांबली. पाहुण्यांना घ्यायला आलेल्या महादेवरावांनी गुलाबरावांना डब्याच्या दारात पाहिलं.

"बापा बापा! पुण्याहून वापस बी आले? मानलं बुवा तुमच्या विमानाले! उतरा ना मंग, गाडी सुटून राह्यली!"

गुलाबरावांनी दांडी घट्ट धरली. "नाही… ते… छत्री राह्यली तिकडे. घेऊन येतो."

"जा, जा!" महादेवराव कौतुकानं ओरडले. "सव्वा तासाचं तं काम!"