संपफोड्याचं पाणी

घरातले नळ उत्तम चालू असताना शेजारचे भाऊ रोज सकाळी स्टीलचा जग घेऊन माझ्या दारात उभे राहत. डोक्याला माकडटोपी, अंगात मुलाचं जुनं जॅकेट. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात शेजारी साखर मागायलासुद्धा आधी फोन करतात.

"संपफोड्याच्या घरचं पाणी आपल्याला चालत नाही," भाऊ सांगत.

संपफोड्या म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, मंदार. तो इंजिनिअर असलेल्या मोटार कारखान्यात कामगारांचा संप चालू होता आणि मंदार रोज त्यांच्यासमोरून गाडी आत घालत होता. भाऊंनी नाशिकला उभा जन्म युनियन चालवलेली. त्यांनी घरात ठराव मांडला, स्वतःच अनुमोदन दिलं आणि मुलाशी बोलणं बंद केलं. जेवत मात्र होते, कारण भाजी सुनेच्या पगारातली होती.

"यार, मी युनियनमध्ये नाहीच," मंदार मला म्हणाला. "घरी बसलो तर जॉब जाईल, मग व्हिसा. बाबांना कोण समजावणार?"

मी प्रयत्न केला. "भाऊ, दोन्ही घरांत पाणी एकच येतं."

"पाणी नाही, नळ कुणाचा ते बघायचं."

एकदा जग भरता भरता ते म्हणाले, "आमच्या संपात माझा धाकटा भाऊ संप मोडून कामावर गेला होता. त्याच्याशी रोटी-पाणी तोडलं. पुढे आजारी पडला. शेवटी माझ्या हातचं पाणी मागत होता म्हणे."

"गेला नाहीत?"

"शिस्त म्हणजे शिस्त." त्यांनी जग उचलला. नळ मला बंद करावा लागला.

संप लांबला, थंडी वाढली. एका संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर संपवाल्यांनी मंदारच्या गाडीवर अंडी फोडली. दुसऱ्या सकाळी भाऊ म्हणाले, "आज उकळून द्या."

"घसा धरलाय?"

जग घेऊन ते निघाले. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं, तर गाडीच्या काचेवर गोठलेल्या अंड्यावर भाऊ ते उकळतं पाणी ओतत होते. मिशिगनच्या थंडीत असं करू नये, हे नाशिकच्या माणसाला कोण सांगणार? मी धावत पोचेपर्यंत काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली होती.

मंदार कामाला निघाला होता. काच बघून थबकला. "म्हणजे काल दगडपण मारले साल्यांनी!"

इतक्या आठवड्यांनी भाऊ त्याच्याशी बोलले.

"त्यांच्यावर घालू नकोस. मी फोडली."

मंदारने जगाकडे पाहिलं, मग त्यांच्या लाल झालेल्या बोटांकडे. "बाबा, हात भाजलाय. आत चला."

दार उघडंच राहिलं. स्वयंपाकघरात मंदारने नळ सोडला आणि त्यांचा हात धारेखाली धरला. भाऊंनी तो काढून घेतला नाही.