गरम सीट आणि सासऱ्यांचा चढ

नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी फक्त दोन गोष्टींवर अडून बसलो: ट्रॅक्शन कंट्रोल आणि गरम होणारी सीट. (रंग, किंमत आणि डिकीचा आकार या किरकोळ बाबी मी बायकोवर सोडल्या होत्या. म्हणजे तिने त्या आधीच ठरवून टाकल्या होत्या.)

"या दोन्हींचा खरंच काही उपयोग असतो का, रेयो?" तूलिक्कीने विचारलं.

"म्हणजे काय? चाक घसरायला लागलं की गाडी आपली आपण सावरते. माणसाने नुसतं बसायचं. आणि तेही गरम गरम."

खरं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते कारण होंकावाराच्या टेकडीवर एकटं राहत होतं, फेब्रुवारीत ऐंशीचं होणार होतं आणि त्याचं नाव होतं ओइवाबाबा, माझे सासरे.

मी नगरपालिकेत कारकून आहे. कुठल्या रस्त्यावरचा बर्फ कधी काढायचा, याचं वेळापत्रक माझ्या सहीने निघतं. (बढाई मारत नाही, जे आहे ते सांगतो.) पण ओइवाबाबांच्या घराचा चढ खाजगी आहे, तो माझ्या सहीला भीक घालत नाही. गेली चौदा वर्षं दर हिवाळ्यात मी खाली टपालपेट्यांपाशी गाडी सोडतो आणि पिशव्या घेऊन धापा टाकत वर जातो. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेऊन उभे असतात. मी दार उघडलं की एकच शब्द विचारतात, "पायीच?"

स्वतः मात्र तीस वर्षं जुन्या खटाऱ्यातून, डिकीत वाळूचं पोतं टाकून, तोच चढ चढतात. एका हाताने.

नाताळात बाबा आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना नव्या गाडीबद्दल ऐकवलं.

"गाडीला अक्कल बसवून घेतलीस म्हण की," बाबा म्हणाले.

"हो ना, बाबा."

"बरं केलंस. कुठेतरी असलेली बरी. आणि बूड शेकायला सौनाची वाफ नाही का आपल्याकडे?"

मला राग आला. मी गाडीतून तिचं माहितीपुस्तक आणलं, चारशे पानांचं, आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "वाचा एकदा. मग बोला." मी ते स्वतः उघडलंही नव्हतं. गाडी इतकी हुशार असताना पुस्तक कशाला वाचायचं?

तो हिवाळा मी राजासारखा काढला. रोज गाडी सुरू केली की आधी ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबायचो. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला की माझा जीव निवांत व्हायचा. मग एकावर एक असलेल्या सीटच्या दोन बटणांपैकी वरचं तीनदा दाबायचं. (वरचं माझंच असणार. गाडीचा हप्ता माझ्या पगारातून जातो.) आणि काय सांगू, कचेरीपर्यंत पोहोचेतो पाठ अशी शेकून निघायची की मी उतरताना दोन वर्षांनी लहान झालेलो असायचो.

तूलिक्कीची मात्र काहीतरी गडबड चालली होती. उणे पंचवीसमध्ये ती गाडीत कोट काढायची, टोपी काढायची, काच खाली करायची. "हे वयाचं असणार," ती म्हणाली आणि तिने डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली. मी काळजीने तिचा हात थोपटला. माझा हात गार आहे असं ती म्हणाली.

मग बाबांचा वाढदिवस आला. तूलिक्की आदल्या दिवशीच वर गेली. माझ्याकडे दोन कामं होती: चर्चच्या सभागृहातून वीस घडीच्या खुर्च्या आणायच्या आणि केक आणायचा. आमच्याकडे मोठ्या वाढदिवसाला सँडविच-केक लागतो. पावाचे थर, मधे मेयोनेज, वर धुरावलेल्या सामन माशाची गुलाबाची फुलं. तीस माणसांचा तो केक तूलिक्कीने दोन दिवस खपून केला होता.

"डिकीत ठेवू नकोस, गोठेल," ती फोनवर म्हणाली. "पुढच्या सीटवर ठेव. आणि हीटर कमी ठेव. रेयो, एवढं एक नीट कर."

खुर्च्यांनी मागची बाजू भरली. केकचं खोकं मी शेजारच्या सीटवर, स्टीलच्या ताटासकट ठेवलं. गाडी किणकिण करून ओरडायला लागली, तेव्हा केकला सीटबेल्टही लावला. हीटर बायकोच्या सांगण्यावरून अगदी कमी. मग थंडी वाजू नये म्हणून सीटचं वरचं बटण तीनदा. चाळीस मिनिटांचा रस्ता मी शीळ घालत कापला.

टपालपेट्यांपाशी थांबलो. रात्रभर बर्फ पडला होता. पाहुण्यांना शेजाऱ्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून वर नेलं होतं. वर पाहिलं तर प्रत्येक खिडकीत तोंडं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफीचा कप. पिवळा दिवा पेटलेला आहे याची मी खात्री केली आणि गाडी चढाला घातली.

वळणावर मागचा भाग डावीकडे गेला. मी चाक वळवलं. मग तो उजवीकडे गेला. खुर्च्या खडखडल्या, केक पट्ट्यात कलंडला, पण मी पाय हलवला नाही. गाडी बर्फ उडवत, नाचत, गुरगुरत चढली आणि बाबांच्या लाकडांच्या शेडपाशी जाऊन उभी राहिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. छाती इतकी फुगली की पट्टा सुटेना.

बाबा बाहेर आले. दार उघडून आत डोकावले.

"दिवा पेटलाय," ते म्हणाले.

"पेटणारच. ट्रॅक्शन कंट्रोल चालू आहे."

"दिवा पेटला म्हणजे बंद. पान एकशे सदतीस."

मी दिव्याकडे पाहिलं.

"चालू असतं तर चाक घसरताच त्याने इंजिनाचा जोर कमी केला असता, गाडी त्या वळणावरच अडली असती," बाबा म्हणाले. "एवढ्या बर्फात बंदच लागतं. म्हणजे तू चालवलीस."

चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून माझं एवढं कौतुक मी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं. तेवढ्यात तूलिक्कीने येऊन खोकं उघडलं.

"हे काय आहे?"

"केक," मी म्हणालो.

सामनची गुलाबं मेयोनेजात पोहत होती. एक पाव बुडण्याच्या बेतात होता. मी चढाला दोष दिला, वळणाला दिला, हीटरलाही दिला. तूलिक्कीने सुपाच्या ताटल्या काढल्या आणि पळीने वाढायला घेतलं. बाबांची बहीण, इम्पीआत्या, म्हणाली, "सूप छान आहे गं. पाव जरा जास्त झालाय."

मी तोंड लपवून गाडीत जाऊन बसलो. पाच मिनिटांनी शेजारचं दार उघडलं आणि बाबा आत आले. घरातून वाढदिवसाचं गाणं ऐकू यायला लागलं होतं.

"काच वर घे," ते म्हणाले. "माझ्यावर भाषणं करणार आहेत."

मी गाडी सुरू केली, वरचं बटण तीनदा दाबलं. हळूहळू बाबांचे खांदे सैल झाले, डोळे मिटले.

"ते कंट्रोल फुकट गेलं," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "सीट मात्र घेण्यासारखी आहे."

"सांगत होतो ना, बाबा. मला तर पाठीपर्यंत ऊब आलीय."

ते काही बोलले नाहीत. आणखी दहा मिनिटं गेली. ऊब मला सोसवेना. "आता फारच तापलं," असं म्हणत मी हात पुढे केला आणि बटण बंद केलं.

बाबांनी डोळे उघडले. "माझी का बंद केलीस?"

"तुमची नाही. माझी केली."

"वरचं शेजारच्याचं, खालचं चालवणाऱ्याचं. पान बेचाळीस."

मी खालच्या बटणाकडे पाहिलं. त्यावर कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच चिकटलेलं होतं. मला केक आठवला. मंगळवारची डॉक्टरांची वेळ आठवली. आणि एकदम बूड गार पडलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं तर इतका वेळ गप्प का बसलात?"

"तू म्हणालास, पाठीपर्यंत ऊब आलीय," बाबांनी पुन्हा डोळे मिटले. "मी म्हटलं, असेल. तेवढं वरचं दाब परत."