निखाऱ्यांची भांडी नाशिकला जातात

पुष्पलताबाईंनी स्वयंपाकघरातली फळी रिकामी करून सगळी भांडी जमिनीवर मांडली, तेव्हा नाशिकला जायला सहा दिवस उरले होते. आनंदराव निखारे बाहेरच्या खोलीत नव्या होल्डॉलचे पट्टे आवळून बघत होते. होल्डॉल कालच सीताबर्डीवरून आणलेला होता आणि तेव्हापासून त्यांनी तो चार वेळा बांधून सोडला होता.

"अहो, इकडं या बरं," आतून हाक आली. "हे पाहा, आपल्या घरात आपले भांडेच नाही."

आनंदराव पट्टा सोडून धावले. "चोरी झाली?"

"चोरी काहून होईल? भांडे बम आहेत, फळी भरून. पण आपले नाही म्हणून राहिली मी. नावं वाचा."

आनंदरावांनी चष्मा लावून एकेक भांडं उलटंसुलटं केलं. पितळेच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, बायजाबाई हेडाऊंचं नाव कोरलेलं होतं. कढईवर प्रेमिला, परातीवर मीराबाई, तीन वाट्यांवर तुळसाबाई. एका डब्यावर तर चार वर्षांपूर्वी उमरेडला राहायला गेलेल्या बिऱ्हाडाचं नाव होतं. अशी तेवीस भांडी निघाली. स्वतः निखाऱ्यांची म्हणावीत अशी एक चहाची किटली आणि एक तवा, आणि तव्यावर कुणी नाव घालत नाही म्हणून तो त्यांचा धरला.

नागपूरच्या गोळीबार चौकाजवळच्या त्या गल्लीत याचं कुणालाही नवल वाटलं नसतं. बारा घरं, त्यातल्या सात घरांत हातमाग, आणि या घरातून त्या घरात दिवसभर काही ना काही चाललेलं. कुणाकडे पाटोडी झाली की वाटीभर शेजारी गेलीच. आता आलेली वाटी रिकामी कशी परत करायची? म्हणून ती चार दिवस पडून राहायची, मग घरात काही बरं झालं की भरून जायची, तोवर दुसरी आलेली असायची. निखारे १९५८ साली या गल्लीत आले. एकोणीस वर्षांत गल्लीतली निम्मी भांडी आपलं माहेर विसरली होती.

"वापस करून टाकू," आनंदराव म्हणाले. "त्यात काय आहे? एका दिवसाचं काम."

आनंदरावांना सगळंच एका दिवसाचं वाटत होतं, कारण ते आनंदात होते. वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांना हेडक्लार्कची बढती मिळाली होती. अट एवढीच, की एक जूनला दुपारी बाराच्या आत नाशिकच्या कचेरीत हजर व्हायचं. नाही झालं तर यादीतलं पुढचं नाव मनोहररावांचं होतं, आणि मनोहरराव रोज सकाळी टेबलाशी येऊन फार प्रेमानं विचारत, "मग निखारे, निघणं पक्कं ना?" वडिलांनी जन्मभर मागावर पाय मारले, पोराला मात्र खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीला आता हात येणार होते. चौकातल्या पानठेल्यावर ते आठवडाभर नाशिकचं वर्णन करत होते. हवा थंड, गोदावरी पायाशी, दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर आणि घराच्या आत नळ! यातलं पुष्पलताबाईंनी फक्त नळाचं ऐकलं होतं. गल्लीच्या नळावर एकोणीस वर्षं उभं राहिलेल्या बाईला दुसरं काही ऐकायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पहिली आठ भांडी घासूनपुसून वाटायला निघाल्या आणि आधी बायजाबाईंकडे गेल्या, तर बायजाबाईंनी त्यांना दारातच अडवलं. बायजाबाई सत्तरीच्या, गल्लीतला कायदा त्यांच्याकडे असे.

"रिकामा गंज आनला वं पुष्पा?"

"घर आवरून राहिली ना मावशी. किराणा संपवत आणला."

"अवं, एरवी मी काही म्हणत नाही. पण गाव सोडून जानारी बाई रिकामं भांडं देऊन गेली त देनारीची बी बरकत जाते अन् घेनारीची बी. जाय, चिमूटभर का होईना, टाकून आन."

चिमूटभर टाकून आणायला पुष्पलताबाई काही कंजूष नव्हत्या. त्यांनी आनंदरावांना परत किराणा आणायला पिटाळलं आणि मे महिन्याच्या नागपुरी उन्हात चूल पेटवून वडाभात केला, गुळांबा केला, शेवयांची खीर केली. संध्याकाळपर्यंत तेवीसच्या तेवीस भांडी भरून घरोघर पोचली, उमरेडला गेलेल्यांचा डबा त्यांच्या जागी आलेल्या बिऱ्हाडात. आनंदरावांनी घाम पुसत म्हटलं, "पाह्यलं? एका दिवसाचं काम."

रात्र पडायच्या आत प्रेमिला आली. हातात कढई, कढईत गोळाभात. "काकू, तुम्ही जाऊन राहिल्या अन् वरून आमालेच खाऊ घालून राहिल्या. हे ठेवा." तिच्यामागून मीराबाई आमरस घेऊन आल्या. तुळसाबाईंनी तीन वाट्यांऐवजी एक डबा आणला, कारण वाट्यांत कढी मावेना. बायजाबाईंचा गंज बुंदीनं भरून स्वतःच्या पायांनी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पलताबाईंनी मोजली तर भांडी एकतीस झाली होती.

"आठ वाढले," त्या म्हणाल्या.

"कसे वाढतीन? आपण त वापस केले ना?"

"आपण भरून देले, त त्याइनंही भरून देले. ज्याइच्याकडे आपले भांडे होते त्याइनं आपल्यात देले, बाकीच्याइनं आपआपल्यात."

आनंदराव कचेरीतले जुने गडी. आवक-जावक रजिस्टरात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी जरा विचार केला आणि सांगितलं, की आज पुन्हा भरून पाठवायची, पण प्रत्येकाला स्पष्ट सांगायचं की आता काही देऊ नका. ही युक्ती त्यांनी स्वतः अमलात आणली. प्रत्येक दारात उभं राहून ते म्हणायचे, "हे शेवटचं. आता काही पाठवायचं नाही." प्रत्येक घरानं त्यांना आत बोलावलं, पन्हं पाजलं, "शेवटचं" हा शब्द ऐकून पदर डोळ्याला लावला आणि जाताना हातात काहीतरी भरलेलं ठेवलं. शेवटचं म्हटल्यावर रिकाम्या हातानं कोण जाऊ देईल? दुपारी ते घरी आले तेव्हा भांडी चौतीस होती, आणि पन्ह्यानं त्यांचं पोट डबडबलं होतं.

असं तीन दिवस चाललं. घरात सामान बांधायचं सोडून चूल पेटलेली आणि दोघं जेवून जेवून टेकीला आलेली. होल्डॉलवर कुरडयांचा डबा ठेवलेला. मनोहरराव कचेरीत विचारत, "मग निखारे, निघणं पक्कं ना?" आणि आनंदराव ढेकर आवरत "हो" म्हणत.

चौथ्या दिवशी कचेरीत जाण्याआधी ते बायजाबाईंचा गंज पोचवायला गेले. आत माग खटखटत होता. बायजाबाईंनी गंज हातात घेऊन त्याच्या बुडाशी पडलेला पोचा आनंदरावांना दाखवला.

"हा कवाचा आहे, आठवते का गा आनंदा?"

"नाही बा."

"चंद्रकला झाली तवाचा. तू कचेरीत, पुष्पाले कळा सुटल्या. मी पानी तापवत होती, घाईघाईत हातातून पडला. तुह्या पोरीचा पह्यला आवाज अन् या गंजाचा आवाज संगच झाला. आता पोरगी उमरेडले नांदून राहिली, अन् तू चालला."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि गंज चकल्यांनी भरून आणला. आनंदरावांना एकाएकी फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की चकली घशाखाली जाईना, आणि चकली त्यांच्या घशाखाली गेली नाही असं आजवर कधी झालं नव्हतं.

सायकलवरून कचेरीत जाताना त्यांनी हिशेब मांडला. अशी गल्ली जमायला एकोणीस वर्षं लागली. नाशिकला नव्यानं जमवायची म्हटली तरी एकोणीस वर्षं लागणार. आणि निवृत्तीला उरली आठ. म्हणजे गल्ली जमायच्या अकरा वर्षं आधीच सरकार त्यांना घरी पाठवणार. थंड हवा एका पारड्यात, गोदावरी त्याच पारड्यात, हेडक्लार्कची खुर्चीही त्यातच टाकली, तरी हिशेब बसेना. कचेरीत पोचल्यावर त्यांनी कोरा कागद घेतला आणि घरगुती अडचणींमुळे बढती स्वीकारण्यास असमर्थ असल्याचं लिहून दिलं.

साहेबांनी कागद वाचला. "निखारे, घरगुती अडचण म्हणजे नेमकी काय?"

"शेजाऱ्यांची भांडी परत करायची राहिली आहेत, साहेब."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि सही केली. मनोहररावांनी त्यांना बाहेर गाठून दोन्ही हात हातात घेतले. ते प्रताप नगरातल्या नव्या वस्तीत राहत, तिथे शेजारी अजून एकमेकांना आडनावानं हाक मारत. "तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखरच कापत होता.

आनंदराव हलक्या मनानं घरी आले. पुष्पाला कसं सांगावं याची वाक्यं जुळवत त्यांनी दार ढकललं, आणि उंबऱ्यातच थांबले. घर रिकामं होतं. पलंग नाही, पेटी नाही, फळी नाही. आतून पुष्पलताबाई हसत बाहेर आल्या. लग्नानंतर इतक्या खुशीत त्यांना आनंदरावांनी क्वचितच पाहिलं होतं.

"संपले! सगळेच्या सगळे भांडे संपले!"

"कसे?"

"तुमच्यानं झालं नसतं. मी घरोघर गेली, भांडं भरून देलं अन् सांगितलं, 'आता तुमची पाळी. पण आत्ता नाही. दिवाळीले आम्ही येऊ, तवा भरून द्या.' कोणीच नाही म्हटलं नाही. बायजामावशी त म्हणे, 'हे कायद्यात बसते.' जे आपले होते ते घेऊन आली. अन् समोरचे जागेश्वरभाऊ म्हणे त्याइच्या ट्रान्सपोर्टचा ट्रक आजच नाशिकले जाते, उद्या नाही. मंग काय, धा लोकाइनं हात लावला. दुपारीच गेलं सामान."

आनंदराव भिंतीला टेकून खाली बसले, कारण बसायला दुसरं काही नव्हतं. बसल्या बसल्याच त्यांनी सगळं सांगितलं. पुष्पलताबाईंचं हसू हळूहळू मावळलं.

"मले विचारलं असतं एकदा," त्या म्हणाल्या. "घराच्या आत नळ होता तिथं."

आनंदराव चुकले होते, आणि चुकले आहोत हे त्यांना कळलं होतं. भांड्यांच्या भानगडीत गोळाभात खाल्ला, पन्हं प्यायलं, गल्लीभर घरोघर बोलून झालं. घरातलं एक मत तेवढं घ्यायचं राहून गेलं.

तिकडे ट्रक मात्र सुखरूप पोचला. जागेश्वरनं खोक्यांवर मोठ्या अक्षरांत 'आनंदराव निखारे, हेडक्लार्क, नाशिक' असं रंगवलं होतं. सरकारी कागदावर त्यांचं नाव हेडक्लार्क म्हणून कधी आलं नाही, खोक्यांवर आलं. ती खोकी क्वार्टरात जाऊन बसली आणि चार दिवसांनी त्याच क्वार्टरात मनोहरराव राहायला गेले. इकडे निखाऱ्यांचा संसार महिनाभर गल्लीनं चालवला. खाट एका घरून, गंज दुसऱ्या घरून, आणि प्रत्येक गंज येताना भरलेला. आनंदरावांनी भर उन्हात महानगरपालिकेच्या आणि पंचायत समितीच्या, पंचायत समितीचा काही संबंध नव्हता, पण घाबरलेला माणूस तिथेही जातो, अशा सगळ्या कचेऱ्यांत खेटे घालून अंगणात नळ मिळावा म्हणून अर्ज दिले. पुष्पलताबाई त्यांच्याशी बोलू लागल्या, पण पाणी भरताना बोलत नसत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सामान परत आलं. सोबत मनोहररावांचं पत्र होतं. 'तुमची भांडी महिनाभर वापरली, माफी असावी. रिकामी पाठवणं बरं वाटलं नाही.' पुष्पलताबाईंनी खोकं उघडलं. प्रत्येक भांड्यात नाशिकचा चिवडा ठासून भरला होता. गल्लीतल्या बायका जमल्या आणि एकेक भांडं बाहेर निघू लागलं. तळाशी एक स्टीलचा डबा निघाला. बायजाबाईंनी तो प्रेमिलाकडून वाचून घेतला.

"सौ. सिंधूताई, पंचवटी. हे कोन वं?"

कुणालाच माहीत नव्हतं. आनंदरावांनी पत्र उलटून पाहिलं. मागे मनोहररावांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'इथले शेजारी फार चांगले. पोचलो त्याच संध्याकाळी एका बाईंनी डबाभर आमटी दिली, आता त्यांची आणि तुमची भांडी जरा मिसळली आहेत.'

आनंदरावांनी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. पोचलो त्याच संध्याकाळी. एकोणीस वर्षांचा सगळा हिशेब त्यांच्या डोळ्यांदेखत एका संध्याकाळवर आला. त्यांनी चोरट्या नजरेनं बायकोकडे पाहिलं.

पुष्पलताबाईंनी डब्यातला चिवडा परातीत ओतला, डबा पदरानं पुसला आणि नाव स्वतः एकदा वाचलं. मग बऱ्याच दिवसांनी त्या मोकळ्या हसल्या.

"होल्डॉल बांधा," त्या म्हणाल्या. "लोकाइचं भांडं आहे, वापस द्या लागते. अन् मीही संग. नळ पाहून येऊ."