सबिनाचं ताट

मेलेल्या माणसाला जेवण आवडलं नाही तर तो घरातून जात नाही, हा नियम मुळात कोणी केला, या प्रश्नाचं उत्तर बस्त्यावला कधीच कोणी दिलं नाही. फादर म्हणाले, चर्चचा नाही. पंचायतीतल्या बाई म्हणाल्या, आम्ही फक्त माणूस पाठवतो.

तो माणूस म्हणजे इग्नेश तुस्कानो. गावात कुणाचं दफन झालं की संध्याकाळी ते पाण्याची बाटली घेऊन त्या घरी येत, टेबलाच्या एका टोकाला बसत आणि मेलेल्याने ताट संपवलं की नाही एवढंच बघत. मेलेला दुसऱ्या टोकाला बसलेला असे. ताट चाटूनपुसून रिकामं झालं की तो उठून हात धुवे आणि निघून जाई. काही उरलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वयंपाक. पदार्थ त्याच्या आवडीचा, आणि करणारा घरातला, रक्ताचा.

सबिना तापाने गेली. बस्त्यावची ही मोठी बहीण. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. तो तिला बाय म्हणायचा. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये ती स्टेक करायला होती. बस्त्याव कबरीवर माती टाकून घरी आला, तेव्हा ती टेबलाशी बसलेली होती.

"काय घेणार?" तुस्कानोंनी रीतसर विचारलं.

"तव्यावरचा स्टेक. वर आंबट सॉस," सबिना म्हणाली. "आणि ह्या गाढवाला सांगा, मांस आधी फडक्याने पुसून कोरडं कर म्हणावं. ओलं टाकलं तर भाजत नाही, नुसतं उकडतं."

बस्त्यावने मुद्दाम ओलंच टाकलं.

त्याचा विचार सरळ होता. जेवण बिघडलं की बाय राहते. शाळा त्याने सहावीत सोडली होती, पण एवढं गणित त्याला येत होतं. मांसाचा तो जाड काप राखाडी होऊन ताटात आला. सबिनाने त्यावर बोट दाबून पाहिलं.

"हे काय, चपलेचा तळ?"

बस्त्याव मोठ्याने हसला. कित्येक दिवसांत तो हसला नव्हता.

"ताट नापसंत," तुस्कानो म्हणाले. "उद्या याच वेळी."

दुसऱ्या दिवशी मांस बरं भाजलं गेलं, म्हणून त्याने काप बाहेर काढल्याबरोबर तवा नळाखाली धरला आणि सॉस कोऱ्या तव्यात केला.

"तवा धुतलास?" सबिना ओरडली. "अरे, तळाला चिकटलेलं खरवडून सॉसमध्ये घ्यायचं असतं. सगळी चव मोरीत घातलीस की, बस्त्या!" तिने ताट ढकललं. मग भिंतीकडे पाहून जरा वेळाने विचारलं, "ती फोटोतली बाई कोण रे?"

तो त्यांच्या आईचा फोटो होता.

तुस्कानोंनी त्याला ओटीवर नेलं. "मुद्दाम करतोयस ना?"

"करतोय. मग? पोलीस बोलावणार?"

"माझं काम ताट बघायचं. पण ऐक. प्रत्येक नापसंत ताटामागे त्यांच्या आठवणीतलं एक माणूस पुसलं जातं. माणसं संपली की खायचं कसं तेही विसरतात. मग त्यांना जाताच येत नाही. मशाडोंचा म्हातारा बघितलायस ना?"

बस्त्यावने बघितला होता. मशाडोंचा म्हातारा वर्षानुवर्षं कोपऱ्यात तोंड उघडं ठेवून बसला होता. सुना त्याच्या खांद्यावर ओले टॉवेल वाळत घालत.

"घाबरवू नका मला, अंकल," तो म्हणाला. पण रात्रभर त्याला झोप आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सॉस करताना रागारागात शिरक्याची, म्हणजे ताडीच्या व्हिनेगरची, अर्धी बाटली तव्यात गेली. ही चूक खरी होती.

सबिनाने एक घास घेतला, डोळे मिटले आणि काटा हळूच खाली ठेवला.

"तुम्ही इथे स्वयंपाकाला आहात का?" तिने बस्त्यावला विचारलं. "राग मानू नका हं, पण आंबट फार झालंय."

बस्त्यावने तवा उचलून अंगणात भिरकावला. "बाय, मी आहे! बस्त्या!"

"बरं," ती म्हणाली. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला म्हणावं तसं.

"अजून कोणी आहे का हिचं?" तुस्कानोंनी विचारलं.

"कोणी नाही. मीच."

"मग उद्या चुकू नकोस, बाळा."

चौथ्या दिवशी त्याने मांस पुसलं, पुन्हा पुसलं, मीठ चोळलं. तवा धुरावल्यावर काप टाकला. तो चरचरला. उलटायला हात शिवशिवत होते, म्हणून ते त्याने पाठीमागे घट्ट धरून ठेवले. दोन्ही बाजू तांबूस झाल्यावर काप बाजूला काढला. त्याच तव्यात कांदा, ताडीचा शिरका, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. तळ खरवडून घेतला. शेवटी लोणी. चव घेताना त्याचं नाक वाहत होतं, त्यामुळे त्याला नीट कळलं नाही.

सबिनाने काटा उलटा धरला. मग ताटाकडे बघत विचारलं, "याचं काय करायचं असतं?"

तुस्कानोंनी बाटली खाली ठेवली.

"मी भरवलं तर चालतं?" बस्त्यावने सुरी उचलत विचारलं.

"भरवायला हरकत नाही. चावायचं त्यांनी."

त्याने बारीक तुकडा कापला, सॉसमध्ये बुडवला, तिच्या तोंडात ठेवला. ती तशीच बसली. गालाला फुगवटा, नजर समोर. तुस्कानो पुढे वाकले. बस्त्याव स्वतःच रिकामं तोंड हलवून तिला चावून दाखवू लागला.

मग तिचा जबडा हलला.

"कुठे शिकलात?" घास गिळून तिने विचारलं.

"बहिणीकडे."

"कडक असणार."

"लाटण्याने मारायची."

"बरं करायची," सबिना म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी तिने तोंड उघडलं.

मांस संपलं. "पोट भरलं," ती म्हणाली.

तुस्कानोंनी ताट तिरकं करून पाहिलं. "सॉससुद्धा ताटातच धरतात."

बस्त्यावने पाव तोडला, ताटाच्या कडेकडेने फिरवला, कांद्याची शेवटची पाकळी त्यात धरली. "एवढाच," तो म्हणाला. तिने मान फिरवली. तो हात तसाच धरून उभा राहिला. मग तिने खाल्लं.

"ताट पसंत," तुस्कानो म्हणाले.

सबिनाने हात धुतले आणि ती दाराशी गेली. कडी निघेना. त्या दाराला खालून जरा उचलावं लागतं, हे तिला आता माहीत नव्हतं. ती हिसके देत राहिली. तुस्कानोंनी बाटलीचं झाकण लावलं. त्यांचं काम ताटापुरतं होतं.

बस्त्याव उठला, दार खांद्याने उचललं आणि तिला कडी काढून दिली.