पाक कच्चा म्हणणारा शिवाण्णा

या, असं जवळ या बघू. उंबऱ्यात उभं राहून अर्धं ऐकायचं आणि बाहेर जाऊन पुरं सांगायचं, ही तुमची खोड मला ठाऊक आहे. आणि परवा गावाहून आल्या आल्या गल्लीतून जाताना समोरच्या शिवाण्णाला बघून फिदीफिदी हसलात, तेही मी गॅलरीतून बघितलं. शोभलं का ते? कपाळाला भस्माचे तीन पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी, खाली पांढरा लेंगा, आणि मध्ये काळा टी-शर्ट, त्यावर दात काढलेली कवटी. हसू येतं, कळतं मला. मीसुद्धा पहिल्यांदा तोंडाला पदर लावला होता. पण आधी माणूस माहीत करून घ्यावा, मग हसावं. बसा, सांगते.

शिवगोंडा मगदूम हे त्याचं कागदावरचं नाव. शाहूपुरीत आम्ही चाळीस वर्षं समोरासमोर राहतो. मी वयानं मोठी, म्हणून तो मला अक्का म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करते. त्याचा जन्म गेला गुळाच्या अडत दुकानात. काम एकच, पारख. ढेपेचा कण नखानं खरवडायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं. "पाक कच्चा राहिलाय." "मळी नीट काढली न्हाई, खारट लागतंय." "ह्यो पाक पुढं गेलाय, करपलाय." त्याच्या जिभेवर व्यापारी डोळे झाकून सौदा करायचे.

आणि हाच माणूस चाळीस वर्षं मेटल ऐकतो. मेटल म्हणजे काय ते मला विचारू नका. आपल्या हलगीला भयंकर राग आला आणि तिनं दोन-तीन गिटारींना हाताशी धरून भांडण काढलं, तर जे होईल ते. वर एकजण गळा फाडून ओरडत असतो. रोज सकाळी लिंगपूजा झाली, कपाळाला भस्म लावलं, की शिवाण्णा ते सुरू करतो आणि माझ्या मांडणीतल्या वाट्या एकमेकींना टेकून किणकिणायला लागतात. अलीकडं तर मांडणीच हलायला लागली होती. मी गॅलरीतून ओरडायची, अरे शिवाण्णा, बारीक कर. तो हात जोडायचा आणि तेवढंच ठेवायचा.

हा नाद लागला कसा, तर एका ट्रक ड्रायव्हरमुळं. गूळ भरायला आलेला तो माणूस दुकानात एक कॅसेट विसरून गेला. कॅसेटवर कागद नाही, नाव नाही, काही नाही. शिवाण्णानं भजन असेल म्हणून लावली. पुढची सहा वर्षं त्यानं ती एकच कॅसेट ऐकली आणि सहा वर्षं त्याला बँडचं नाव माहीत नव्हतं. शेवटी फीत तुटली तेव्हा वडिलांच्या फोटोमागं ठेवून दिली. अजून तिथंच आहे. सणासुदीला फोटोला हार घालतात, तेव्हा थोडा तिलाही पोचतो.

नवा बँड ऐकायची त्याची रीत आहे. एकदा उभं राहून, एकदा बसून, एकदा आडवं होऊन डोळे मिटून. मग निकाल, तोही गुळाच्याच भाषेत. आणि निकाल स्वतःजवळ ठेवेल तर तो शिवाण्णा कसला? फोनवर एका बोटानं टाइप करून थेट त्या बँडलाच पाठवतो. "पाक कच्चा. आणखी उकळा." पुण्याच्या एका बँडनं हे वाक्य चक्क टी-शर्टवर छापलं आणि त्याला एक भेट पाठवला. ह्यानं तो लादी पुसायला घेतला. म्हणाला, "कच्च्या पाकाचा शर्ट कोण अंगात घालतंय?"

प्रत्यक्ष कार्यक्रमाला मात्र तो देवळात जावं तसा जायचा. पुणे, बंगळूर, कुठंही. एस.टी.त बसायचं, डब्यात भाकरी आणि खर्डा. एकदा बायकोला, आमच्या पार्वतीला, बरोबर नेलं. ती परत आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अक्का, माणसं वाईट न्हाईत, पर त्यांना कायतरी दुखतंय." त्यानंतर हा एकटाच. तिथं पोरं एकमेकांना धडका देत नाचतात, त्यांच्या कडेला हा कवटीवाला टोपी सांभाळत उभा. कोण पडलं की पहिला हात ह्याचा. नाचणाऱ्यांचा तो नियमच आहे म्हणे, पडलेल्याला आधी उचलायचं. मी म्हटलं, बरा आहे की नियम, आमच्या भाऊबंदकीत लावा कुणीतरी.

पण नव्या पोरांचं त्याला काही पटेना. गेल्या दोन वर्षांत तर एकही बँड त्याच्या कसोटीला उतरला नाही. सगळे कच्चे. मी म्हणायची, वय झालं की असंच होतं रे, मला नाही का आता कुठलंच वांगं पूर्वीसारखं लागत. तो आवाज आणखी एक घर वाढवायचा.

अशात एक दिवस दारात स्कूटर थांबली आणि एक पोरगी उतरली. मुरगूडची सायली. घरी म्हशी, शेती, स्वतःचं गुऱ्हाळ. तिघं मित्र जमवून तिनं बँड काढलाय, नाव 'काहील'. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती भली मोठी कढई असते, ती काहील. गाणारी, म्हणजे ओरडणारी, ही स्वतः. शिवाण्णानं त्यांनाही निकाल पाठवला होता, आणि ती त्याचा जाब विचारायला आली होती.

"काय कच्चं हाय ते सांगा," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "गिटार, ढोल का गळा?"

"समदंच," शिवाण्णा भिंतीकडं बघत म्हणाला.

"आमच्या दारात रोज पाक उतरतोय, आण्णा. कच्चा कशाला म्हणत्यात ते मला कळतंय. तुमी रविवारी समोर येऊन ऐका. हितंच हाय, कोल्हापुरात."

कोल्हापुरात म्हटल्यावर शिवाण्णाची मान वळली. चाळीस वर्षं ह्या माणसानं दुसऱ्याच्या गावात जाऊन आपलं गाणं ऐकलं होतं. आपल्या गावात एकदा व्हावं, एवढीच त्याची इच्छा. पण मेटलला हॉल देतो कोण? सायलीनं एका मंगल कार्यालयाच्या मालकाला कसंबसं तयार केलं होतं. मालकांची अट होती, दुपारीच करायचं, पाचला बंद, आणि दंगा झाला किंवा एक खुर्ची जरी मोडली तर असला कार्यक्रम इथं पुन्हा नाही. बाकीचे हॉलवाले ह्यांच्याकडंच बघून ठरवणार होते. म्हणजे त्या एका दुपारवर सगळं अडकलेलं.

शिवाण्णानं टी-शर्टला इस्त्री केली. तीन दिवस आधी. आणि मला म्हणाला, अक्का, चल. मीही गेले. पार्वतीनं कानात घालायला कापूस दिला.

हॉलमध्ये लग्नासारख्या खुर्च्या मांडलेल्या. अर्ध्या खुर्च्यांवर सायलीचं अख्खं गाव, टेम्पो करून आलेलं. नऊवारीतल्या बायका, मांडीवर लेकरं, पुढच्या रांगेत तिचे आजोबा, केरबा. आणि भिंतीला टेकून काळ्या कपड्यातली शहरातली पोरं, हाताची घडी घालून. ती पोरं गावाकडं बघत होती, गाव पोरांकडं. शिवाण्णा साऊंडवाल्याच्या टेबलाशेजारी जाऊन उभा राहिला, ती त्याची ठरलेली जागा.

सुरू झालं. पहिल्या तडाख्याला दोन लेकरं रडली आणि एक झोपलं. गाव गप्प. भिंतीकडच्या पोरांची हाताची घडी सुटेना. दुसरं गाणं लागलं, आणि त्यात सायलीनं पोटातून अशी एक डरकाळी काढली की माझा कापूस निरुपयोगी झाला. तेवढ्यात केरबा आजोबा उठले, पिशवीतून फेटा काढला आणि थेट स्टेजवर चढले.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मैदानात पैलवानानं कुस्ती मारली की तिथंच, अंगावरच्या मातीसकट त्याला फेटा बांधायचा. नंतर बांधू म्हणणं हा अपमान. आजोबांना वाटलं, एवढी गर्जना केली म्हणजे नात जिंकली. गाणं अजून निम्मंही झालेलं नाही हे त्यांना कसं कळावं? ते सरळ तिच्या डोक्याला फेटा गुंडाळायला लागले. ढोलवाला थांबला. गिटारी थांबल्या. भिंतीकडून कुणीतरी शिट्टी मारली, मग हसणं, मग हुर्यो. मुरगूडची तरणी पोरं खुर्च्या सरकवून उठली, आमच्या आजोबाला हसतंय कोण म्हणून. मालक दारात येऊन उभे राहिले. सायलीचे डोळे भरले.

शिवाण्णा स्टेजकडं निघाला तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठलेच. कारण कार्यक्रमात सत्कार ह्या गोष्टीचा त्याला इतका तिटकारा, की स्वतःच्या निरोप समारंभातून तो हार घालायच्या आधी पळाला होता. मला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला खाली उतरवणार आणि मुरगूड ह्याला.

त्यानं जाऊन फेट्याचं दुसरं टोक धरलं. ताणून, नीट. आणि ढोलवाल्याला म्हणाला, "थांबलास का? वाजीव. पावण्यांच्या हातासंगं वाजीव."

ढोलवाल्यानं एक ठोका दिला. आजोबांनी एक वेढा दिला. ठोका, वेढा. ठोका, वेढा. खालच्या सुरात एक गिटार हळूच आत शिरली. हसणारी पोरं गप्प झाली, मग त्यांचे पाय हलायला लागले, मग मान. शेवटचा वेढा बसला, तुरा उभा राहिला, आणि भगव्या फेट्यातली ती पोरगी पुढं येऊन अशी गरजली की भिंतीकडचं एकही माणूस भिंतीला टेकलेलं उरलं नाही.

"खुर्च्या कडंला घ्या," शिवाण्णा खाली उतरून मुरगूडच्या पोरांना म्हणाला. "आणि ध्यानात ठेवा, कोण पडला तर आधी उचलायचा, मग नाचायचं."

तालमीतली पोरं ती, त्यांना पडायचं कसं हे शिकवावं लागत नाही. शहरातली आणि गावातली एकमेकांवर आदळत होती, उचलत होती, पाठीवर थाप मारत होती. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मी बसल्या जागी मान हलवली, आता कबूल करते. खुर्ची एकही मोडली नाही. पाच वाजले तेव्हा मालकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "एक आणखी होऊ दे की."

संपल्यावर मागच्या अंगणात चहा होता. सायली फेट्यासकट आली, शिवाण्णासमोर उभी राहिली. म्हणाली, आता सांगा, पाक कसा.

शिवाण्णानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पोरी, मला निम्मं ऐकूच आलं न्हाई."

"डावा कान जाऊन दोन वर्सं झाली. उजव्यातनं धाडधाड येतंय, बारीक काय येत न्हाई. तुमची गाणी तीनदा ऐकली, तीनदा भोकं पडलेली ऐकली. मला वाटलं, कच्चं हाय. मग वाटलं, आपलाच कान हाय. पर तसं लिवायचं धाडस झालं न्हाई."

मी म्हटलं, अरे, मग डॉक्टरकडं का नाही गेलास? तर म्हणे, ते कार्यक्रमाला जाऊ नका म्हणतील. मी विचारलं, आणि एवढी दोन वर्षं कुणालाच कसं कळलं नाही?

"शेजारी कोण उभं असतं तर कळलं असतं की, अक्का," तो म्हणाला. "मी एकटाच जातोय न्हवं."

मी समोर राहते. दोन वर्षं माझी मांडणी हलत होती आणि मी नुसती ओरडत होते.

सायली मात्र शेतकऱ्याची पोर. तिनं डोळे पुसले नाहीत की पाया पडली नाही. "मग ते कच्चं मागं घ्या," म्हणाली. तो म्हणाला, घेतलं. मग ती त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि गिटारीची एकेक बारीक तान तोंडानं त्याच्या कानात गुणगुणायला लागली. हे इथं होतं, हे तिथं होतं. शिवाण्णा डोळे मिटून ऐकत होता, जिभेवर गुळाचा कण ठेवल्यासारखा.

केरबा आजोबा सगळं बघत होते. ते म्हणाले, "ह्यास्नी समजतंय पर ऐकू येत न्हाई. मला ऐकू येतंय पर समजत न्हाई. फुडल्या येळंला मी जातो ह्यांच्यासंगं."

आणि गेले की. बंगळूरला, दोघं, एका डब्यातली भाकरी खात. शिवाण्णानं आता कानाचं मशीन घेतलंय, डॉक्टरांची बोलणीही खाऊन आलाय. कार्यक्रमात मशीन खिशात आणि आजोबा कानाशी. "आता बारकी गिटार म्हशीगत हंबरतीया," असं ते सांगतात आणि शिवाण्णाला बरोबर कळतं. दोन वर्षांत ज्यांना ज्यांना निकाल पाठवला होता, त्या सगळ्यांना त्यानं एका बोटानं पुन्हा लिहिलं, "परत ऐकतो. कान माझा कच्चा होता." एकट्या पुण्याच्या बँडला लिहायला त्याला दोन दिवस लागले, त्यांच्या शर्टानं लादी पुसली होती ना. त्यांनी उलट कळवलं की आण्णा, आमचा पाक खरंच कच्चा होता.

आता पुढच्या महिन्यात 'काहील'चा पुन्हा कार्यक्रम आहे, त्याच हॉलमध्ये. ह्या खेपेला मालकांनीच बोलावलंय. तेव्हा तुम्ही असं दारातून जाऊ नका, चांगले दोन दिवस काढून या. उतरायला माझं घर आहे. शिवाण्णाच्या उजव्या हाताला केरबा आजोबा असतील, डावीकडं जागा मोकळी आहे. त्या बाजूनं त्याला काही ऐकू येत नाही, तेव्हा बोलायचंही काम नाही. नुसतं शेजारी उभं राहायचं. या लवकर.