धर्माजीरावांच्या अॅम्प्लिफायरास नवी वायर चढविल्याची हकीकत

परिसणारांनी कान उघडे व हात प्लगापासून दूर ठेवून परिसावे. मौजे महाळुंगे, तर्फ चाकण, येथील राजश्री धर्माजीराव, कंपनीदरबारी मेंटेनन्सचे सरदार, यांचे पदरी एक अॅम्प्लिफायर होता. पहिल्या ओव्हरटाइमचे कमाईतून आणिलेला, भावकीच्या तमाम हळदींत गाजलेला. त्याची वायर पाठीतूनच निघालेली, उपसून दुसरी खोवावी ऐसी सोय नाही. ती मुळाशी कुजली, आणि तांबे उघडे पडले, आणि फडके मारिता कुटुंब सरुबाईसाहेब यांस झटका बसला, मग फर्मान सुटले जे, "खंडेनवमीच्या सांजआरतीला वाजला तर ठीक, न्हाईतर दसऱ्याला भंगारवाल्याच्या हवाली!"

रावांचा जीव त्या डब्यात. नवी वायर तत्काळ हस्तगत केली, परंतु शिफ्टची सबब सांगून काम उद्यावर ढकलीत गेले. तों नवमी उजाडली, आणि राव भक्तीने भारावले, आणि पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, लहानथोर पाने यच्चयावत पाटावर मांडून हळदकुंकू वाहते झाले. नारळ ठेविला, मग ध्यानी आले जे, पूजेस बसले हत्यार आज उचलणे नाही, हा वाडवडिलांचा दस्तूर. आपली फौज आपणच रजेवर धाडिली!

मग भाडेकरी समाधानभाऊ यांजकडे कुमक मागितली. ते हसून बोलिले, "दादा, माझंबी समदं पाटावरच हाय की! अन् मेंटेनन्सवाले तुमी. आधी काम, मग पूजा, एवढं कळंना व्हय?" राव हा वार झेलून परतले, आणि नखाने स्क्रू फिरवू गेले, आणि नखच तुटून रणी कामी आले.

ऐसे बिकट समयी सरुबाईसाहेब सुरीनिशी दाखल जाहल्या. रावांनी अदबीने पुसिले, ही पूजेत नव्हती काय?

"ही पाटावर बसली असती तर दुपारी काय गिळलं असतं? आमच्या हत्यारांना कुठली आलीया नवमी? धरा. अन् प्लग काढलाय का बघा आधी."

काढिलाच होता, तरी रावांनी फिरून पाहिला. मग सुरीच्या टोके स्क्रू उतरले, आणि पाठ उघडली, आणि जुनी वायर बडतर्फ जाहली, आणि नवीचे तिन्ही पदर आपापले ठाण्यावर कसून बसविले, आणि हिसका लागू नये म्हणून आतून पट्टी आवळिली, मग पाठ लावून प्लग चढविला. तांबडा दिवा उगवला. आरती ऐसी दणाणली की समाधानभाऊ बनियनवरच टाळ्या पिटीत धावले.

भंगाराचा हुकूम रद्द जाहला. फत्ते कोणाची, ऐसे पुसता राव छाती काढून "आमची" म्हणाले. तों बाईसाहेबांनी सुरी धुऊन भेंडी चिरावयास घेतली, आणि आतूनच आज्ञा केली, "आवाज बारीक करा, अन् ताटं घ्या." राव तत्काळ उठले. सबब फत्ते बाईसाहेबांचे नावे दाखल केली असे. धर्माजीराव मोहिमेत हजर होते.